माथेरानला पहिल्यांदा जाऊन राहिला ना भाऊ, मग हे वाच

विदर्भ एक्सप्रेसनं कल्याणला उतर, तिथून कर्जत लोकलनं नेरळ, मग शेअर टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंत, पुढं गाड्या बंदच. घोडेवाले मागं लागतील, लागू दे. दुपारी आरामात पायी निघ, लाल माती अन् गर्द सावली, आपल्या नागपूरच्या उन्हातून आलेल्याला तर एसीच वाटते. टॉय ट्रेनचं आधी काही ठरवू नको, परत येताना पाय दुखले की माथेरान स्टेशनच्या खिडकीवर अमन लॉज (दस्तुरी नाक्याजवळचं स्टेशन) शटलचं तिकीट विचार, मिळालं तर बस. १९०७ ची लाईन आहे, रुळांमधलं अंतर फक्त २ फूट, म्हणून तर एवढी अरुंद वळणं घेते अन् हळू चालते. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी गाडी बंद असते, शटल बहुतेक चालू राहते. पांढरे बूट मात्र घालू नको बे.