रात्रीचा वरणभात बाबांनी द्यावा

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर (ए.एल.एल.) निघाला. अहमदाबादला उपचार चालू आहेत. जो तो म्हणतो, खंबीर राहा. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडते. हे दुकानातून उशिरा येतात, बोलत नाहीत. नातलगांचे फोन थांबत नाहीत. मी कशी टिकू? – एक आई, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आधी तो नळ बंद करा. लाल डोळे मुलाला दिसतातच, आणि कारण कुणी सांगितलं नाही की ते तो स्वतःच शोधतो. मी मुलांच्या वॉर्डात समुपदेशन करते. तिथे एका चिमुरडीने मला विचारलं होतं, "मी औषध थुंकलं म्हणून आई रडते का?" त्याला सांगा, "तुला सुया टोचतात म्हणून मला रडू येतं. तू काही केलंस म्हणून आजार झालेला नाही."

या आजाराचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षं चालतात. एवढा काळ नुसत्या खंबीरपणावर निघत नाही, माणसं कामाला लावावी लागतात. फोन नणंदेकडे सोपवा. रविवारी तिनेच सगळ्यांना एक मेसेज टाकायचा. चौकशी करणाऱ्या आत्याबाईंकडे मंगळवारचा डबा, ताजा आणि गरम. सासूबाईंचा नवस चालू द्या, पोटात जाणारा काढा मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

यजमानांना 'माझ्याशी बोला' म्हणून काही होणार नाही. स्टेरॉइड चालू असलं की मूल रात्री दोनला उठून वरणभात मागतं, आणि समोर आला की ताट ढकलतं. भले भले आईबाप तिथे रडकुंडीला येतात. तो हट्ट बहुतेक औषधाचा असतो. ती पाळी यजमानांची. काउंटची, म्हणजे रक्ततपासणीच्या आकड्यांची, वहीही त्यांनीच लिहावी, अहमदाबादची एखादी खेप त्यांनी एकट्याने करावी. आकडे स्वतः लिहायला लागलेले बाप हळूहळू बोलायलाही लागतात, असं मी पाहिलंय.

'मी नसताना ताप आला तर?' ही धास्ती तुम्हाला घर सोडू देणार नाही. म्हणून फ्रिजवर कागद लावा : ताप 100.4 फॅरनहाइट झाला की पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही, रात्र असली तरी लगेच हॉस्पिटलला फोन.

एवढं करूनही दोन आठवडे झोप लागली नाही, जेवण जाईना, तर तुमच्यासाठी वेगळा डॉक्टर गाठा. जगणंच नको वाटलं तर मात्र एक दिवसही थांबू नका. टेली-मानस या मनाच्या आरोग्यासाठीच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर रात्रीही चालू असतो, पैसे पडत नाहीत.