पहिला येतो एक, पिवळी जर्सी दुसऱ्याला!

प्रश्न : जुलैत मुलाच्या नादाने टूर द फ्रान्स ही सायकल रेस बघायला लागलो. रोज पहिला येतो कोणीतरी वेगळाच आणि पिवळी जर्सी मात्र त्याच एका माणसाच्या अंगावर, हे काय गौडबंगाल आहे? आणि ती लाल ठिपक्यांची जर्सी कसली?
– एक वाचक, सांगली

उत्तर : गौडबंगाल काही नाही हो, पिवळी जर्सी त्या दिवशी जिंकणाऱ्याची नसतेच! २१ स्टेज, म्हणजे रोजचे टप्पे असतात, प्रत्येकाला रोज लागलेला वेळ मिळवत जायचा आणि ज्याची बेरीज सगळ्यात कमी त्याला पिवळी. सपाट रस्त्यावर अख्खा घोळका एकदम आला की सगळ्यांना सारखाच वेळ धरतात, पहिल्याला फार तर १० सेकंद बोनस म्हणून वजा, म्हणून तिथे जिंकून फारसं काही हलत नाही, खरी काटाकाटी आल्प्स आणि पिरेनीजच्या घाटात. आणि कधीकधी तर अगदी शेवटच्या दिवशी! १९८९ ला ग्रेग लेमाँड ५० सेकंद मागे होता, शेवटच्या दिवशी व्हर्साय ते पॅरिस एकट्याने घड्याळाविरुद्धची रेस होती, त्यात त्याने ते भरून काढले आणि ८ सेकंदांनी टूर जिंकली. तीन आठवडे सायकल मारून ८ सेकंद, बिचारा दुसरा आलेला लोराँ फिन्याँ.

रंग पिवळाच का, तर रेस भरवणारा 'लोटो' हा पेपर पिवळ्या कागदावर छापायचे, १९१९ पासून ही जर्सी आली. इटलीच्या जिरो या रेसची जर्सी गुलाबी तीही 'गाझेत्ता' या पेपरच्या गुलाबी कागदामुळे. म्हणजे सगळी पेपरवाल्यांची करामत!

ठिपकेवाली घाटाच्या राजाची, चढ संपतो तिथे माथ्यावर पॉइंट मिळतात. ती १९७५ ला आली आणि ते ठिपके स्पॉन्सर चॉकलेट कंपनीच्या रॅपरवरून घेतलेले, मला विचाराल तर सगळ्यात झ्याक जर्सी हीच. हिरवी स्टेजच्या शेवटी नंबराप्रमाणे मिळणाऱ्या पॉइंटची, ती बहुतेक स्प्रिंटर, म्हणजे शेवटी सुसाट सुटणारे नेतात. पांढरी २५ पर्यंतच्या पोरांतल्या सगळ्यात कमी वेळवाल्याला.

आता खरा घोळ इथे होतो. २०२० ला तादेय पोगाचारने पिवळी, पांढरी आणि ठिपकेवाली तिन्ही जिंकल्या, पण अंगात एका वेळी एकच घालणार ना, मग तो पिवळी घालतो आणि बाकीच्या त्या त्या यादीतल्या पुढच्या नंबरवाल्याला घालायला देतात. त्यामुळे पांढरी जर्सी दिसली म्हणून तोच त्यात पहिला असं धरू नका, टीव्हीच्या कोपऱ्यातली यादी बघा.