आधी दप्तर रिकामं करा

शाळेच्या खरेदीबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं

प्रश्न : घरात तीन मुलं, तिघांच्या इयत्ता वेगळ्या. शाळेची यादी आली की तशीच्या तशी दुकानात देतो. घरी आल्यावर त्यातल्या निम्म्या वस्तू कपाटातच सापडतात. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : तिन्ही दप्तरं, कंपासपेट्या आणि टेबलाचा खण एका चादरीवर ओता. वापरून पाहिल्याशिवाय कुठलीही वस्तू 'चालू' समजू नका. पेनानं चार रेघोट्या ओढा, कात्रीनं कागद कापा, पट्टीचा शून्याकडचा कोपरा झिजलाय का बघा. मग यादीसमोर तीन रकाने आखा : आहे, दुरुस्त होईल, आणायचं. तिघांच्या याद्या एकाच कागदावर शेजारी शेजारी हव्यात, नाहीतर धाकट्याकडे पडून असलेला कोनमापक थोरल्यासाठी पुन्हा विकत आणला जातो.

वह्यांचा आकडा मात्र इतक्यात भरू नका. दुरेघी की चौरेघी, किती पानी, समास कुठे, हे बहुतेक वेळा विषयशिक्षक पहिल्या आठवड्यात सांगतात. तोवर प्रत्येकाला एकेरी ओळींच्या दोन वह्या पुरतात. चुकीच्या आखणीची वही आणून तिच्यावर नाव घातलं की ती परत होत नाही.

प्रश्न : गेल्या वर्षीच्या वह्यांमध्ये बरीच पानं कोरी आहेत. ती काढून नवी वही शिवता येईल ना?

उत्तर : येईल, पण वाटतं तितकी पानं हाती लागत नाहीत. मधोमध पिना मारलेल्या वहीत प्रत्येक कागद दुमडलेला असतो. त्याचं एक अंग पुढच्या अर्ध्यात, दुसरं मागच्या अर्ध्यात. म्हणून पुढचं पान फाडलं की मागचं त्याचं जोडपान सुटून येतं. (मराठीत आपण कागदालाही पान म्हणतो आणि त्याच्या एका बाजूलाही. पुढच्या हिशेबात पान म्हणजे एक बाजू धरा.)

९६ पानी वही घ्या. तिच्यात २४ दुमडलेले कागद असतात आणि एका कागदाची ४ पानं होतात. पहिली २० पानं लिहिलेली असतील, तर मधले १४ कागद पूर्ण कोरे निघतात, म्हणजे ५६ पानं. ४० पानं लिहिलेली असतील, तर ५६ पानं कोरी असूनही दोन्ही अंगांनी कोरे कागद फक्त ४, म्हणजे १६ पानं. अर्धी वही भरली असेल, तर एकही नाही. तेव्हा पाव हिश्शापेक्षा कमी लिहिलेल्या वह्याच उसवा. बाकीच्या तशाच उलट्या करा, मागचं पान पुढे घ्या, नवं कव्हर घाला आणि कच्च्या कामाला द्या.

उसवताना पिना सुरीच्या बोथट टोकानं उभ्या करून मागून ओढा, कागद ओढू नका. नव्या वहीसाठी १२ कागद एकात एक ठेवा. त्याहून जास्त घेतले तर आतले कागद बाहेर डोकावतात आणि कड कापावी लागते. घडीवर दाभणानं तीन भोकं पाडा : एक बरोबर मध्ये, दोन वरच्या-खालच्या कडेपासून ४ सेंटीमीटरवर. दोरा वहीच्या उंचीच्या अडीच पट घ्या. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत न्या. आतल्या आत मधलं भोक ओलांडून खालच्या भोकातून बाहेर या आणि पुन्हा मधल्या भोकातून आत शिरा. आता दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना यायला हवीत. तो टाका मध्ये धरून गाठ मारा. दोन्ही टोकं एकाच बाजूला राहिली तर गाठ टाक्याला पकडत नाही आणि वही महिनाभरात लुळी पडते.

प्रश्न : बूट वर्षभर पुरावेत म्हणून दोन नंबर मोठे घेतले तर?

उत्तर : नको. ब्रिटिश मापात एक नंबर म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर. योग्य मापाच्या बुटातही अंगठ्यापुढे साधारण १२ मिलिमीटर जागा सोडलेली असते. त्यात दोन नंबरांचे १७ मिसळले की पाय आत पुढे-मागे सरकतो आणि टाच घासून फोड येतात. शिवाय पाऊल जिथे वाकतं तिथे बूट वाकत नाही. त्याची घडी पुढे पडते आणि तळवा तिथेच सुटायला लागतो. म्हणजे मोठा बूट आधी फाटतो.

माप घरीच घ्या, तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. मुलाला टाच भिंतीला टेकवून कागदावर उभं करा. दोन्ही पावलांच्या सगळ्यात लांब बोटापुढे खूण करा आणि मोठ्या पावलाचं माप धरा. त्यात १२ मिलिमीटर मिळवून तेवढ्या लांबीची पुठ्ठ्याची पट्टी कापा. दुकानात ती बुटात सरकवून बघा. वाकली तर बूट लहान, पुढे बरीच जागा उरली तर मोठा. हीच पट्टी दर तीन महिन्यांनी पावलाशेजारी ठेवली की पुढचा खर्च कधी येतोय तेही कळतं. दुसऱ्यानं खूप वापरलेले बूट फुकट मिळाले तरी टाळावेत, त्यांचा तळवा त्याच्या पावलासारखा दबलेला असतो.

प्रश्न : दप्तर धडधाकट आहे, पण चेन लावली की मागून उघडते. नवं घ्यावं का?

उत्तर : चेनचे दात शाबूत असतील तर दोष रनरचा, म्हणजे चेनवर सरकणाऱ्या भागाचा आहे. वापरून त्याचं तोंड सैल होतं आणि दात एकमेकांत पुरते बसत नाहीत. चेन पूर्ण उघडा आणि रनरच्या मागच्या टोकाच्या, म्हणजे जिथून जुळलेले दात बाहेर पडतात तिथल्या, दोन्ही कडा पकडीनं एकेक करून किंचित दाबा. दाबा, चालवून बघा, पुन्हा दाबा. एकदम जोर लावला तर रनर अडकतो किंवा तडकतो. तेवढ्यानं भागलं नाही तर रनर बदलून घ्या. त्याच्या पाठीवर बहुधा ५, ८ किंवा १० असा आकडा असतो, नवा त्याच आकड्याचा हवा. गुंडाळी दातांचा (सलग तारेच्या वेटोळ्यांचे दात असलेल्या चेनचा) रनर सुट्या दातांच्या चेनला बसत नाही, म्हणून जुना सोबत न्या.

पट्टा उसवला असेल तर नुसता सरळ टाका मारून भागणार नाही. चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई करून घ्या, म्हणजे ओझं एका रेषेवर येत नाही. आणि मुळात ओझं मुलाच्या वजनाच्या १० ते १५ टक्क्यांपुढे नको. ३० किलोच्या मुलाला जास्तीत जास्त साडेचार किलो, दप्तराच्या वजनासकट.

प्रश्न : घाऊक घेतलं तर सगळंच स्वस्त पडतं का?

उत्तर : टिकणारंच घाऊक घ्या : वह्या, पेन्सिली, कव्हरचा कागद. गोंद, स्केचपेन आणि खोडरबर यांचा साठा नको, पहिले दोन वाळतात आणि खोडरबर कडक होतो. वह्यांची तुलना किमतीवर करू नका, किमतीला पानांनी भागा. पानांच्या आकड्यात कव्हर मोजलंय का तेही वाचा. कागद पातळ असेल तर शाई मागे उमटते, मुलं एकाच बाजूला लिहितात आणि स्वस्त वही दुप्पट लागते. दुकानात एका पानामागे छापील मजकूर धरून बघा. अक्षरं सहज वाचता आली तर ती वही घेऊ नका.

प्रश्न : खोडरबर प्लास्टिकच्या पट्टीला चिकटून दोन्ही खराब होतात. का?

उत्तर : व्हिनाइलच्या खोडरबरात मऊपणासाठी घातलेलं द्रव्य हळूहळू प्लास्टिकमध्ये उतरतं आणि ते विरघळवतं. खोडरबराचा कागदी पट्टा काढून टाकू नका, तो त्यासाठीच असतो.

प्रश्न : कंपासपेटी दर वर्षी नवी घ्यावी लागते. चांगली कशी ओळखायची?

उत्तर : पेटीतल्या बहुतेक वस्तू वर्षानुवर्षं टिकतात. गुण्ये, कर्कटक, कोनमापक हरवले नाहीत तर बदलायचं कारणच नाही. बिघडतो तो कंपास, म्हणून तेवढा एकटा घ्या. दुकानातच पेन्सिल लावून ५ सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. रेघ जिथून सुरू झाली तिथेच येऊन मिळाली तर सांधा घट्ट आहे. टोकं चुकली तर आधी पेन्सिल पकडणारा स्क्रू आवळून पुन्हा काढा. तरीही चुकली तर तो कंपास परत ठेवा. घरातल्या जुन्या कंपासाचीही हीच परीक्षा. त्याच्या डोक्यावरचा स्क्रू अर्धा फेरा आवळल्यावर तो बऱ्याचदा पुन्हा कामाला येतो.