जेलिंकनंतर लॉग गायब का होतात?

प्रश्न : आमचे हिशेबाचे जावा ॲप्लिकेशन चार मॉड्यूल्समध्ये विभागलेले असून, लॉगिंगसाठी (प्रोग्रॅम चालताना होणाऱ्या घडामोडींच्या नोंदी ठेवण्यासाठी) एसएलएफफोरजे २.० हा सामाईक एपीआय (कोडने वापरायचा ठरावीक आज्ञांचा संच) आणि त्यामागे नोंदी प्रत्यक्ष लिहिणारी लॉगबॅक ही लायब्ररी वापरली आहे. आमच्या संगणकांवर लॉग व्यवस्थित येतात. मात्र जेलिंक या जावाच्या साधनाने तयार केलेली रनटाइम इमेज (ॲप्लिकेशन आणि त्याला लागणारी जावाची मॉड्यूल्स यांचा एकत्रित संच) सर्व्हरवर चालवली की लॉगफाइल तयारच होत नाही. प्रत्येक मॉड्यूलमध्ये लॉगबॅक जोडावे काय? – एक वाचक, पुणे

उत्तर : प्रत्येक मॉड्यूलमध्ये लॉगबॅक मुळीच जोडू नये. एसएलएफफोरजेच्या २.० आवृत्तीपासून लॉगिंगचे प्रत्यक्ष काम करणारी लायब्ररी सर्व्हिसलोडर या जावाच्या यंत्रणेमार्फत, प्रोग्रॅम चालताना, शोधली जाते; अशा लायब्ररीला प्रोव्हायडर म्हणतात. नेहमीच्या पद्धतीने प्रोग्रॅम सुरू केला, की मॉड्यूल पाथवर (जावा जेथे मॉड्यूल्स शोधते त्या ठिकाणांच्या यादीत) असलेले लॉगबॅक कोणत्याही मॉड्यूलने मागितले नसले तरी आपोआप जोडले जाते. जेलिंक मात्र, वेगळे सांगितल्याशिवाय, ज्या मॉड्यूल्सचा ‘रिक्वायर्स’मध्ये (मॉड्यूलला लागणाऱ्या इतर मॉड्यूल्सच्या घोषणेत) उल्लेख आहे तेवढीच इमेजमध्ये घेते, आणि म्हणून आपले लॉगबॅक बाहेर राहिले असावे. सर्व्हरवरील एरर आउटपुट पाहावे. एकही प्रोव्हायडर न सापडल्याची सूचना एसएलएफफोरजे तेथे छापते आणि त्यानंतरच्या साऱ्या नोंदी निमूटपणे टाकून देते.

उपाय सोपा आहे. जेलिंकच्या आज्ञेत ‘ॲड-मॉड्यूल्स’ या पर्यायापुढे लॉगबॅकच्या क्लासिक या भागाच्या मॉड्यूलचे नाव द्यावे. सर्व्हिस पुरवणारी मॉड्यूल्स आपोआप जोडणाऱ्या ‘बाइंड-सर्व्हिसेस’ या पर्यायानेही काम होते, परंतु त्याने जेडीकेमधील (जावाच्या मूळ विकाससंचातील) नको असलेली अनेक मॉड्यूल्सही आत येऊन इमेज फुगते, म्हणून मी तो सुचवणार नाही.

उरलेल्या मॉड्यूल्सनी केवळ एसएलएफफोरजेचा एपीआय मागावा. लॉगबॅकची निवड आणि त्याची सेटिंग्ज असलेली एक्सएमएल फाइल ही जबाबदारी ज्या मॉड्यूलमध्ये मेन मेथड आहे त्याचीच असावी. ही शिस्त किती मोलाची आहे, हे डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या दुसऱ्या लॉगिंग लायब्ररीतील गंभीर त्रुटी उघड झाली तेव्हा दिसले : दोष एपीआयमध्ये नसून प्रत्यक्ष काम करणाऱ्या कोअर या भागात होता, त्यामुळे ज्यांनी कोअर एकाच ठिकाणी जोडला होता, त्यांना बदलही तेवढाच करावा लागला. लॉगर (नोंदी लिहिण्यासाठी कोडमध्ये वापरायची वस्तू) हा प्रत्येक क्लासचा खासगी घटक ठेवावा. तो सार्वजनिक मेथडच्या पॅरामीटरमध्ये आला, तर ‘रिक्वायर्स ट्रान्झिटिव्ह’ लिहून ते अवलंबित्व इतरांच्याही गळ्यात बांधावे लागते.

आपले एखादे मॉड्यूल जावा ९ मध्ये आलेला सिस्टिम लॉगर, म्हणजे जावाचाच लॉगिंग एपीआय, वापरत असेल, तर त्याच्या नोंदी एसएलएफफोरजेकडे वळवणारे जेडीके-प्लॅटफॉर्म-लॉगिंग हे जोडमॉड्यूलही सर्व्हिस म्हणूनच शोधले जाते. त्याचे नावही त्याच आज्ञेत द्यावे.