नीट नको म्हणणाऱ्या मुलीसाठी

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. मेंदूतल्या रसायनांमुळे प्राण्यांचा रक्तदाब आणि हृदयाचे ठोके कसे बदलतात, यावर तिला संशोधन करायचंय. नीट द्यायला तयार नाही. यात पुढं काही आहे का? – एक पालक, कागल

नमस्कार. तुमची काळजी रास्त आहे, पण मुलीचा विषय पोरखेळ नाही. १९२१ साली ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाची, मेंदूकडून येणारी व्हेगस नस चेतवली, ठोके मंदावले. त्या हृदयातलं द्रावण दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं. नसेचा निरोप रसायनातून जातो, हे त्यातून कळलं. १९३६ साली त्यांना हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल मिळालं. हा निरोप जिथून निघतो त्या मस्तिष्कपुच्छात, म्हणजे मेंदूच्या सगळ्यात खालच्या भागात, ग्लुटामेट, गाबा अशी रसायनं कमीजास्त झाली, की ठोके आणि रक्तदाब दोन्ही हलतात. क्लोनिडीन हे रक्तदाबाचं औषध मेंदूवरच काम करतं. म्हणजे पोटापाण्याचा रस्ताही इथूनच जातो.

माझं स्पष्ट मत, बी.फार्म. करू द्या. एमएचटी-सीईटीवर प्रवेश होतो, कोल्हापुरात कॉलेजं आहेत, रोज कागलहून ये-जा जमेल. पुढं एम.फार्म.ला फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधं शरीरावर कसं काम करतात याचं शास्त्र, घ्यावी. एम.फार्म.ची प्रवेश परीक्षा जीपॅट चांगली गेली तर विद्यावेतनही मिळू शकतं. संशोधनात मन नाही रमलं, तरी औषध कंपन्यांत काम असतं. शिवाजी विद्यापीठातून प्राणिशास्त्र किंवा पुण्याचं आयसर (विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) हेही मार्ग आहेत, मात्र तिथं पीएच.डी.पर्यंत दम धरावा लागतो. पशुवैद्यक हवं असेल तर नीटला पर्याय नाही.

एक गोष्ट मात्र तिच्याशी आत्ताच बोला. हे काम जिवंत प्राण्यांवर चालतं. उंदराचा रक्तदाब घेताना त्याला अरुंद नळीत ठेवतात, शेपटी कोमट करून तिच्यावर छोटा पट्टा चढवतात. उंदीर बिचकला की रक्तदाब वाढतो, आकडा फुकट जातो. म्हणून आधी काही दिवस त्याला नळीची सवय लावावी लागते. हात हलका आणि जीव शांत लागतो. काही प्रयोगांत शेवटी प्राण्याला भूल देऊन मारावंही लागतं. त्यासाठी नैतिक समितीची परवानगी सक्तीची असते, तरी ते करणाऱ्याच्या मनाला लागतंच. तिला हे झेपेल का, हे तिनंच ठरवायला हवं.

सुट्टीत तिला घेऊन एखाद्या फार्मसी कॉलेजात फार्माकॉलॉजीच्या प्राध्यापकांना भेटा. प्रश्न तिला विचारू द्या, तुम्ही नुसते सोबत बसा.