बिल्ला लावलास की आवाज जप

बाळा, फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला तू पहिल्यांदाच स्वयंसेवक म्हणून उभा राहणार, म्हणून सांगतो. छातीवर बिल्ला आला की आवाज आपोआप चढतो. माझाही चढला होता. एक आजी रांग सोडून पुढे सरकल्या आणि मी सगळ्यांदेखत खेकसलो. त्या काही बोलल्या नाहीत. पदराआडची मेणबत्ती तेवढी दाखवली, उन्हानं पार वाकली होती. मग मान खाली घालून मागे गेल्या. नंतर पाणी घेऊन शोधलं, सापडल्या नाहीत.

रांगेत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ असतात. चप्पल कुठं काढायची, नवस कसा बोलायचा, विचारतात. हसू नकोस, आणि वाद तर मुळीच नको. आपल्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचंच बघ. नवऱ्याचा बाप्तिस्मा १८९५चा, त्यांचा १९००चा. मन आपल्या गतीनं चालतं.

बायबलात संत पौलानं गलतीकरांना पत्र लिहिताना सौम्यतेला आत्म्याचं फळ म्हटलंय. फळ पिकायला वेळ लागतो, ते नाशिककराला सांगायला नको. ऑक्टोबर छाटणीचं द्राक्ष दिवाळीत तोंडात टाकून बघ!

आणि सौम्य म्हणजे मिळमिळीत नव्हे. कुणी पिऊन आला तर बाजूला घ्यायचंच, फक्त हात खांद्यावर ठेवायचा, कॉलरवर नाही. खिशात खडीसाखर असू दे. दुपारी दोननंतर आपलंच डोकं आधी तापतं.