सुतारकामाच्या धुळीसाठी मास्क: आधी दाढीचं ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: गॅरेजमध्ये टेबल सॉ, राऊटर (लाकडात खाच कोरायचं यंत्र) आणि ऑर्बिटल सँडर (घासायचं यंत्र) मांडलाय, शनिवार-रविवार सागवान आणि एमडीएफवर (लाकडाच्या तंतूंचे दाबून केलेले तक्ते) काम चालतं, चष्मा आहे, दाढी आहे. एन९५ पुरेल का, की दोन फिल्टरवाला रबरी मास्क घ्यावा?

माझं मत: रबरी हाफ मास्क घ्या आणि त्याला पी१०० या धुळीच्या फिल्टरच्या चपट्या गोल चकत्या लावा. पण दाढी ठेवणार असाल तर हे पैसे खर्चू नका. मास्कची कड जिथे टेकते तिथे केस असले की हवा फिल्टरमधून न येता केसांच्या फटींतून येते, मग फिल्टर कितीही भारी असो. दोन दिवसांची खुंटंसुद्धा गळतीला पुरतात. मिशी कडेच्या आत राहत असेल तर चालते.

सगळेजण फिल्टरच्या आकड्यावर वाद घालतात, म्हणून हे आधी लिहिलं. धुळीच्या फेकून द्यायच्या मास्कसाठीच्या युरोपच्या ईएन १४९ या मानकात एफएफपी२ या वर्गाच्या फिल्टरने निदान ९४ टक्के कण अडवावेत आणि एफएफपी३ ने ९९ टक्के, असं आहे. आपल्याकडच्या आयएस ९४७३ या मानकात हेच वर्ग आहेत. एन९५ म्हणजे ९५ टक्के, पी१०० म्हणजे ९९.९७. यातला ‘एन’ तेलकट कणांसाठी चालत नाही, पण लाकडाच्या भुशात तेलाचा प्रश्न नाही, त्यामुळे ते सोडून द्या. कागदावर ९४ आणि ९५ मध्ये काय फरक? काहीच नाही. खरा फरक नाकाच्या कडेला पडतो. ब्रिटनमध्ये हिशोब धरतात तो असा: एफएफपी२ नीट बसवला तर आतली धूळ बाहेरच्या दहाव्या हिश्शावर येते, एफएफपी३ असेल तर विसाव्या. लाकडाच्या धुळीला तिथे साधारणपणे एफएफपी३ च सांगतात.

मास्क गळतोय का हे बघायला यंत्र लागत नाही. एमडीएफचं सँडिंग झाल्यावर मास्क काढा आणि आरशात नाकाच्या दोन्ही बाजू बघा. कड नीट बसली असेल तर तिच्या आतली कातडी स्वच्छ दिसते. गळत असेल तर डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकपुडीकडे पिठाची बारीक रेघ उतरलेली दिसेल. तीच हवेची वाट. चष्म्यावर वाफ धरत असेल तर तेही त्याच जागचं दुखणं. नाकावरची पट्टी एका हाताने चिमटीत धरून दाबली की मधोमध टोक येतं आणि दोन्ही बाजूंना फट राहते. दोन्ही हातांची बोटं ठेवून मधून बाहेरच्या दिशेने दाबत न्यायची. रबरी मास्कला ही भानगड नाही. तळव्यांनी दोन्ही चकत्या झाकून हलका श्वास आत घ्या. मास्क चेहऱ्याकडे ओढला जाऊन तसाच राहिला पाहिजे.

कानात अडकवायचे मास्क कोविडनंतर घराघरांत पडून आहेत, ते सुतारकामाला वापरू नका. डोक्यामागून जाणारे दोन पट्टे हवेत, एक मानेवर आणि एक डोक्याच्या मागे वर. दोन्ही पट्टे मानेवरच घेणारे लोक बघितले की मला राहवत नाही. रुमाल आणि सर्जिकल मास्क यांच्याबद्दल लिहायलाच नको.

आता धुळीबद्दल. टेबल सॉचा जाडा भुसा डोळ्यांना दिसतो, झाडून निघतो, तो फारसा छळत नाही. छळतं ते सँडरचं आणि एमडीएफवर फिरणाऱ्या राऊटरचं पीठ. स्थिर हवेत दहा मायक्रॉनचा कण नाकाच्या उंचीवरून जमिनीवर यायला नऊ-दहा मिनिटं घेतो, एक मायक्रॉनचा अर्धा दिवस. पंखा चालू असेल तर तो खाली येतच नाही. आणि आपण काय करतो? सँडर बंद केला की पहिलं काम मास्क गळ्यात ओढायचं. नंतर झाडू मारतो, ब्लोअरने कपडे झटकतो, म्हणजे बसलेली धूळ परत उडवून ती बिनमास्कची ओढतो. झाडलोट संपून शटर उघडं ठेवून हवा खेळेपर्यंत मास्क तोंडावरच ठेवा. खात्री करायची तर दिवे घालवून टॉर्चचा झोत आडवा मारा, हवेत काय तरंगतंय ते दिसेल.

हे सगळं अतिच वाटत असेल तर थोडा इतिहास. इंग्लंडमधलं हाय विकम हे खुर्च्यांसाठी नावाजलेलं गाव. तिथल्या नाक-कान-घशाच्या सर्जन एस्मे हॅडफिल्ड यांच्या लक्षात आलं, की नाकाच्या आतल्या एका एरवी अगदी दुर्मीळ कॅन्सरचे रुग्ण फर्निचर कारागिरांतूनच येताहेत. त्यावरचा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा लेख १९६८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. १९९५ मध्ये आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कॅन्सरकारकांच्या पहिल्या गटात टाकली. हे वर्षानुवर्षं रोज आठ तास धुळीत काढलेल्या लोकांचं आहे, तुमच्या शनिवार-रविवारचं नाही, त्यामुळे घाबरून सँडर विकू नका. तुम्हाला त्याआधी गाठेल ती ॲलर्जी. सागवान आणि शिसम दोन्ही अंगावर खाज उठवतात, आणि शिंका किंवा दमा एकदा सुरू झाला की मग थोड्या धुळीनेही तो उठतो.

एमडीएफमध्ये युरिया-फॉर्माल्डिहाइडचा गोंद असतो. पी१०० ची चकती एमडीएफचं पीठ अडवते, गोंदातून सुटणारा फॉर्माल्डिहाइड वायू अडवत नाही. साधी ऑर्गॅनिक व्हेपरची कार्ट्रिजही (थिनरसारख्या वाफा अडवणारी कोळशाची डबी) फॉर्माल्डिहाइडला भरवशाची नाही, त्याची वेगळी मिळते. घरगुती कामात शटर आणि खिडकी उघडी ठेवली तर मी एवढ्या खोलात जाणार नाही. पॉलिशचं मात्र वेगळं. मेलामाइन, थिनर, एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर लावताना कोळशाची कार्ट्रिज हवीच, स्प्रे असेल तर तिच्यापुढे धुळीचा फिल्टरही. काम झालं की ती हवाबंद पिशवीत ठेवायची, नाहीतर कोळसा टेबलावर पडल्यापडल्या संपतो. आणि हार्डनर मिसळायचं दोन डब्यांचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश गॅरेजमध्ये स्प्रेने मारू नका. त्यातल्या आयसोसायनेट या विषारी रसायनाचा वास येईपर्यंत उशीर झालेला असतो.

मास्कच्या आधी एक खर्च करा: सँडरला व्हॅक्यूमचा पाइप जोडा. सँडरची कापडी पिशवी नावालाच असते. घरातला जुना व्हॅक्यूम लावलात तर तो जाडं पोटात ठेवून बारीक मागून सोडतो, म्हणून बारीक धूळ अडवणारा, एम क्लासचा किंवा हेपा फिल्टरचा घ्या, नाहीतर त्याची मागची हवा पाइपने बाहेर काढा.

देखभाल फार नाही. रबरी भाग साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, चकत्या कधीच धुवू नका. त्यांतल्या तंतूंवर स्थिर वीज असते, तिच्यावरच बारीक कण धरले जातात. श्वास ओढायला जड जाऊ लागला की चकत्या बदला. पावसाळ्यात मास्क दमट गॅरेजात खिळ्याला टांगू नका, झाकणाच्या डब्यात ठेवा. मापं बहुधा लहान, मध्यम, मोठं अशी तीन असतात. ऑनलाइन मागवण्याआधी सेफ्टीच्या दुकानात जाऊन, चष्मा लावून, घालून बघा.

दाढी काढायची नसेल तर बॅटरीवर चालणारा पंखेवाला सैल हुड हा एकच मार्ग उरतो. तो रबरी मास्कच्या कित्येक पट महाग आहे, बॅटरी आणि फिल्टर कमरेवर वागवावे लागतात, पण चष्मा, दाढी आणि घाम तिन्ही त्यात निभतात. काय ठरवताय ते कळवा, मग त्यातलं काय बघून घ्यायचं ते लिहितो.